रागाने, पावसाने, आजीने

एक साधे वाक्य घेऊ. “पावसाने रस्त्यावर चिखल झाला, म्हणून आजीने रागाने आशाला घरात बोलावले.” तिसरी-चौथीच्या मुलांपुढे हे वाक्य ठेवून ‘यातली नामे शोधा’ म्हटले, की आजी, आशा, रस्ता आणि घर बहुधा पटकन हाती लागतात. चिखलही लागतो, तो पायाला चिकटलेला असतो ना! गाडी अडते ती पाऊस आणि राग यांच्यापाशी. पाऊस पडतो, म्हणजे ती क्रिया असणार, असे एखाद्याला वाटते. राग तर डोळ्यांना दिसतही नाही.

मुलांचे काही चुकत नाही. त्यांना व्याख्या पाठ करायला दिलेली असते: वस्तू, व्यक्ती, प्राणी किंवा त्यांच्या गुणधर्माला दिलेले नाव म्हणजे नाम. मूल ‘वस्तू’ हा शब्द धरून ठेवते आणि हातात घेता येईल असे काहीतरी वाक्यात शोधू लागते. हुशार मूल ‘गुणधर्म’ही लक्षात ठेवते आणि ‘लाल फूल’ यातल्या ‘लाल’खाली रेघ ओढते. व्याख्येप्रमाणे त्याचे बरोबरच आहे. लाल हा गुणच की! मग ‘लाल’ विशेषण आणि ‘लाली’ नाम, हे त्याला कसे कळावे? नुसत्या अर्थावरून ते कळणे अवघड आहे. वाक्यात शब्द कसा वागतो, हे बघावे लागते.

आणि शब्दाचे वागणे मुलांना शाळेत येण्याआधीच ठाऊक असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी 1957 साली इंग्रजी बोलणाऱ्या बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रात एक भांडे, त्यात कागदाच्या कपट्यांसारखा ढीग आणि तो मळणारे दोन हात. चित्र दाखवताना ‘सिब’ असा एक अर्थहीन शब्द वापरला. तो क्रियापदाच्या रूपात आला, तेव्हा बहुतेक मुलांनी पुढच्या चित्रांतून मळण्याची कृती निवडली. मोजता येणाऱ्या वस्तूच्या नामासारखा आला, तेव्हा भांडे निवडले. ‘थोडेसे सिब’ अशा थाटात आला, तेव्हा तो ढीग. या मुलांना कोणी व्याकरण शिकवले नव्हते. शब्दाच्या रूपावरून त्याची जात त्यांचे कान ओळखत होते.

मराठी मुलाच्या कानाला तर यापेक्षा मोठा आधार आहे, तो म्हणजे प्रत्ययांचा. शब्दाला ‘ने’ लावून मोठ्याने म्हणून बघायचे. घोडा, घोड्याने. शाळा, शाळेने. भूक, भुकेने. राग, रागाने. पाऊस, पावसाने. आता ‘पटकन’ला ‘ने’ लावून बघा, किंवा ‘खेळतो’ला. मुले खो खो हसतात. ते हसू म्हणजेच उत्तर आहे! यात शिक्षकाने आणखी एक गोष्ट दाखवायला हवी. प्रत्यय लागताना घोड्याचा ‘घोडा’ राहत नाही आणि पावसाचा ‘पाऊस’ राहत नाही. सामान्यरूप हा जड शब्द नंतर येऊ दे. हा बदल मूल रोज बोलते, तो त्याच्या लक्षात आणून दिला तरी पुरे.

कसोटी निवडताना मात्र जपावे. ‘चा’ फसवतो. ‘कालचा’, ‘वरचा’ आपण सहज म्हणतो, पण काल आणि वर ही त्या अर्थाने नामे नव्हेत. ‘ला’सुद्धा ‘इथला’, ‘तिथला’ यांत डोकावतो. ‘ने’ त्या मानाने सरळ आहे. ‘त्याने’, ‘तिने’ ही सर्वनामे त्यातून पार होतात, पण ती नामांच्याच जागी येत असल्यामुळे त्यांची ओळख लगेच पुढे करून देता येते.

मग खरी गंमत सुरू होते. “बस आली” आणि “खाली बस”. “खेळ संपला” आणि “तू खेळ”. अक्षरे तीच, कामे वेगळी. बसने गावाला जाता येते, पण “खाली बस” यातल्या ‘बस’ला ‘ने’ लागत नाही. अशी जोडवाक्ये मुलांनाच तयार करायला सांगावीत. नाच, बोल, मार असे कितीतरी शब्द ती शोधून आणतील.

मारिया माँटेसरींच्या पद्धतीत नामासाठी मोठा काळा त्रिकोण आणि क्रियापदासाठी लाल वर्तुळ असते. मूल ते चिन्ह शब्दाच्या डोक्यावर ठेवते. पुठ्ठ्याचे तुकडे कापून कोणत्याही शाळेत हे करता येईल. दोन ‘बस’वर दोन वेगळी चिन्हे ठेवणारे मूल व्याकरणच करत असते.

विशेषनामाची गोष्ट वेगळी. इंग्रजीत ते मोठ्या अक्षराने सुरू होते, देवनागरीत तशी खूण नाही. पण मराठीने दुसरी खूण ठेवली आहे. आपल्या वाक्यातल्या मुलीला आजी ‘आशाला’ हाक मारते. तेच पावसाची वाट पाहणारा शेतकरी ‘आशेने’ आभाळाकडे बघतो. आजच्या बोलण्यात माणसाचे नाव सहसा बदलत नाही, सामान्य शब्द बदलतो. अनेक ठिकाणांची नावे मात्र बदलतात: पुण्याला, साताऱ्याला, गोव्याला. मुलांनी आपल्या वर्गातली नावे आणि आजूबाजूची गावे घेऊन ही यादी स्वतः करावी.

पेपर तपासणाऱ्यांसाठी एक विनंती. “पोहण्याने अंग मोकळे होते” या वाक्यात एखाद्या मुलीने ‘पोहण्याने’खाली रेघ ओढली, तर घाईने फुली मारू नये. क्रियापदापासून तयार झालेले ते नामच आहे. तिला जवळ बोलावून विचारावे, ‘तुला हे कसे कळले?’ आणि तिचे उत्तर पुरते ऐकून मगच गुण द्यावेत.