छायाचित्र-मंडळाचें मासिक : लेख शोधावे कसे, निवडावे कसे ?

(नभोवाणीवरील भाषण)



छायाचित्रें काढण्याचा छंद एकट्यानें जोपासतां येतो. पण तो छंद असणारीं दहा माणसें एकत्र आलीं म्हणजे मंडळ स्थापन होतें, आणि मंडळाला वर्ष होतें न होतें तोंच आपलें एक मासिक असावें अशी इच्छा सभासदांच्या मनांत उत्पन्न होते. पहिला अंक थाटानें निघतो. अध्यक्षांचा संदेश, चिटणीसांचें निवेदन, सहलीचा वृत्तान्त आणि चार सुंदर चित्रें, एवढ्या सामग्रीवर तो भरून जातो. दुसरा अंक पहिल्याच्या पुण्याईवर निघतो. तिसऱ्याच्या वेळीं संपादक दारोदार फिरूं लागतो, आणि चौथा अंक ‘कांहीं अपरिहार्य कारणामुळें’ निघत नाहीं. तें अपरिहार्य कारण बहुधा पैशाचें नसतें. आतां मासिक छापलेंच पाहिजे असेंही नाहीं. संगणकावर जुळवून तें घरोघर जवळजवळ विनाखर्च पोंचवितां येतें. कारण असतें तें लेखांच्या दुष्काळाचें. हा दुष्काळ खरा कीं भासमान, आणि आलेल्या लेखांतून कोणते घ्यावे व कोणते परत करावे, याविषयीं कांहीं विचार आज आपणांपुढें मांडावयाचे आहेत. आयुष्यभर शाळेंत मुलांचे निबंध तपासल्यावर, निवृत्तीनंतर अशाच एका मंडळाच्या मासिकाला हातभार लावण्याचें काम माझ्याकडे आलें, एवढाच माझा अधिकार.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. लंडन येथें १८५३ सालीं छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षीं तिनें आपलें नियतकालिक सुरू केलें. मुंबईकर मागें राहिले नाहींत. १८५४ सालीं मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी निघाली, व पुढच्याच वर्षीं तिचें स्वतःचें जर्नल प्रसिद्ध होऊं लागलें. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या संस्थेच्या हौशी छायाचित्रकारांपैकीं एक होते. १८५६ सालापासून जॉन्सन व हेंडरसन या दोघां मुंबईच्या छायाचित्रकारांनीं हौशी लोकांसाठीं एक मासिक चित्रसंग्रहही काढला. त्याच्या प्रत्येक अंकांत तीन अस्सल छायाचित्रें असत. त्या काळीं कोलोडियनची ओली कांच वापरीत. कांचेवर द्रव ओतून, ती ओली आहे तोंच चित्र घ्यावयाचें व लगोलग धुवावयाचें. आपल्याकडील उन्हाळ्यांत ती पाहतां पाहतां वाळून जाई. विलायतेंत लिहिलेल्या पुस्तकांत आपल्या उन्हाळ्यावरचा उतारा कोठून मिळणार ? तो येथील माणसांनींच शोधावयाचा व एकमेकांस सांगावयाचा. अशा संस्थांच्या सभेंत एखादा सभासद आपला निबंध वाची, इतर त्यावर चर्चा करीत, आणि तोच मजकूर नियतकालिकांत येई. सभा हीच लेखांची खाण होती.

ती खाण आजही आटलेली नाहीं. तेथें खणणारा कोणी नसतो, इतकेंच. मंडळाच्या प्रत्येक सभेंत संपादकानें एक वही घेऊन मागच्या बांकावर बसावें. सभासद काय प्रश्न विचारतात तें टिपून घ्यावें. ‘पावसाळ्यांत भिंगावर बुरशी चढते, काय करावें ?’ हा प्रश्न एका वर्षांत तीनदां विचारला गेला, तर तो लेखाचा विषय झाला असें समजावें. मग ज्याच्या भिंगांवर बुरशी नाहीं असा सभासद शोधावा. तो सांपडतोच. कोणी घट्ट झांकणाच्या डब्यांत ओलावा शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवीत असतो, त्या वेळच्या वेळीं गरम करून पुन्हा कोरड्या करीत असतो. कोणी भिंगें कातडी पिशवींत महिनोन्‌महिने कोंडून न ठेवतां वरचेवर बाहेर काढून वापरीत असतो. यांपैकीं कोणालाही आपण लेखक आहोंत असें स्वप्नांतही वाटत नाहीं.

येथें संपादकाच्या विनंतीचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. ‘आमच्या अंकासाठीं कांहीं तरी लिहून द्या’ ही विनंती निष्फळ होय. कारण ‘कांहीं तरी’ लिहिणें हें जगांतील सर्वांत अवघड काम आहे. शाळेंत ‘हवा तो विषय घ्या’ असें सांगितलें म्हणजे मुलें पेन्सिल चावीत बसतात, हा माझा नित्याचा अनुभव. उलट ‘तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर किती झाडें आहेत ?’ असें विचारलें कीं लेखण्या चालूं लागतात. म्हणून नेमका प्रश्न विचारावा.

आमच्या मंडळांत एक वृद्ध घड्याळजी होते. जुने घडीचे कॅमेरे दुरुस्त करण्यांत त्यांचा हातखंडा. लेखाची गोष्ट काढली कीं, ‘मास्तर, लिहिणं हे आमचं काम नव्हे,’ असें म्हणून ते हसत. शेवटीं त्यांना एवढेंच विचारलें, ‘कॅमेऱ्याच्या भात्याला भोंक पडलंय हे तुम्ही ओळखता कसं ?’ ते म्हणाले, ‘त्यात काय ? अंधाऱ्या खोलीत बसायचं, भात्याच्या आत विजेरी लावायची, आणि भाता हळूहळू उघडायचा. भोक असेल तिथं तारा दिसतो. घड्यांच्या कोपऱ्यांत आधी पाहायचं, झिजतो तो तिथंच.’ मग शटरचीं पातीं वाळलेल्या तेलामुळें कशीं चिकटतात, आणि तीं सुटावीं म्हणून नवें तेल घालणें हें कसें रोगावर विष पाजण्यासारखें आहे, तेंही त्यांनीं सांगितलें. तें सर्व त्यांच्याच शब्दांत उतरून घेतलें, त्यांना वाचून दाखविलें, व त्यांच्या नांवानें छापलें. पुढें दोन वर्षांनीं ते वारले. त्यांच्या दुकानाच्या जागीं आतां दुसरें दुकान आहे. पण तीं दोन पानें आमच्याकडे आहेत, आणि त्यांच्या आधारें जुना कॅमेरा चालता करणारे दोन तरुण मंडळांत आहेत. लेख शोधणें म्हणजे केवळ पानें भरणें नव्हे, असें मी म्हणतों तें यासाठीं.

दुसरी गोष्ट पंचांगाची. लेख चांगला असून अवेळीं आला, तर तो फुकट जातो. काजवे आपल्या सह्याद्रींत मेच्या अखेरीपासून पाऊस जोर धरीपर्यंत दिसतात. त्यांचीं चित्रें कशीं घ्यावीं हा लेख जुलैच्या अंकांत छापून काय उपयोग ? तो एप्रिलांत हवा. आणि काजव्यांचा प्रकाश हा त्यांचा जोडीदाराला दिलेला संकेत असतो, यास्तव तेथें विजेऱ्या व झगमगते दिवे नेऊं नयेत, ही सूचना त्यांत अवश्य हवी. पालख्या ज्येष्ठ वद्यांत निघतात, म्हणून वारीचा लेख त्यापूर्वींच वाचकाच्या हातीं पडावा. कास पठाराचीं फुलें, उजनीच्या जलाशयावर येणारे रोहित पक्षी, दिवाळींतील पणत्यांचा मंद उजेड, या सर्वांचें वर्षाचें कोष्टक संपादकानें आरंभींच मांडून, प्रत्येक विषयापुढें एकेका सभासदाचें नांव घालून ठेवावें.

आतां निवडीकडे वळूं. लेख हातीं आला म्हणजे मी तीन प्रश्न विचारतों. पहिला : लेखकानें हें स्वतः केलें आहे काय ? ‘छायाचित्रकलेचें महत्त्व’ या विषयावरील लेख कोणीही घरबसल्या लिहूं शकतो, आणि हल्लीं तर यंत्राकडूनही असा लेख क्षणांत लिहवून घेतां येतो. भाषा निर्दोष असते. पण त्यांत कोणाचे पाय भिजलेले नसतात. शंका आली तर लेखकाला बोलावून, ‘त्या दिवशीं ऊन कोणत्या बाजूचें होतें ?’ एवढेंच विचारावें. ज्यानें चित्र घेतलें त्याला उत्तर शोधावें लागत नाहीं.

दुसरा प्रश्न : वाचकाला उद्यां सकाळीं हें करून पाहतां येईल काय ? ‘धबधब्याचें पाणी रेशमासारखें दिसावें’ हें वाक्य गोड आहे. तथापि कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, छिद्र एफ १६ इतकें लहान करून, संवेदनशीलता १०० वर आणून, अर्धा सेकंद शटर उघडें ठेवलें, असें लिहिल्यावांचून वाचकाच्या हातीं कांहीं पडत नाहीं. लेखांत आंकडे नसतील तर ते मागवून घ्यावे. शक्य तर फसलेलें चित्रही मागवावें. यशस्वी चित्राशेजारीं फसलेलें छापलें म्हणजे दोन पानांचा उपदेश वांचतो.

तिसरा प्रश्न : या लेखांत कोणाचें कांहीं चोरलेलें अथवा कोणाची विक्री दडलेली नाहीं ना ? अमुक कंपनीचेंच भिंग घ्यावें असा निष्कर्ष दर परिच्छेदाला निघूं लागला, तर ती जाहिरात समजावी व जाहिरातीचेच दर लावावे. चित्रांचेंही तसेंच. २०१२ सालीं कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या हयातीपर्यंत व त्यापुढें ६० वर्षें टिकतो; म्हणून ‘कोठें तरी सांपडलें’ असें चित्र मासिकांत घालूं नये.

या तीन चाळण्यांतून सर्वोत्तम तेंच घ्यावें, इतर टाकावें, असें कोणी म्हणेल. येथें खरा पेंच आहे, आणि तो फार जुना आहे. न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबचें साधें वार्तापत्र आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या थोर छायाचित्रकारानें हातीं घेतलें, आणि १८९७ सालीं त्याचें ‘कॅमेरा नोट्स’ नांवाचें देखणें त्रैमासिक केलें. निवडीचा सर्वाधिकार त्यानें आपल्याकडे ठेवला. अंक उत्तम निघूं लागले. पण सभासद कुरकुरूं लागले. वर्गणी आमची, आणि चित्रें संपादकाच्या आवडीच्या मंडळींचीं, असें त्यांचें म्हणणें. १९०२ सालीं स्टिग्लिट्झनें तें संपादन सोडलें, व पुढच्याच वर्षीं ‘कॅमेरा वर्क’ हें स्वतंत्र त्रैमासिक काढलें. छायाचित्रकलेच्या इतिहासांत त्याच्या तोडीचें नियतकालिक विरळा. पण १९१७ सालीं तें बंद पडलें तेव्हां वर्गणीदार चाळीसही उरले नव्हते.

मला विचाराल तर, स्टिग्लिट्झ आपल्या जागीं योग्य होता, आणि कुरकुरणारे सभासदही आपल्या जागीं योग्य होते. कलेचें मुखपत्र आणि मंडळाचें मासिक या दोन भिन्न वस्तु आहेत. मुखपत्राला सर्वोत्तम लेख हवा. मंडळाला वाढणारा सभासद हवा. यास्तव आम्हीं एक नियम केला : प्रत्येक अंकांत एक तरी लेख पूर्वीं कधींही न लिहिलेल्या सभासदाचा असावा. त्याच्यासाठीं तीन प्रश्नांपैकीं एकही शिथिल करावयाचा नाहीं. भाषेची मात्र माफी. ती आम्हीं सुधारून घेऊं. शुद्धलेखन दुसऱ्याला दुरुस्त करतां येतें, अनुभव दुसऱ्याला घालतां येत नाहीं.

शेवटीं नकाराविषयीं. लेख परत करणें हें संपादकाचें सर्वांत नाजूक काम. महिनोन्‌महिने मौन धरणें हा नकाराचा निर्दय प्रकार होय. आठ दिवसांत उत्तर जावें. त्यांत लेखांतील एक चांगली जागा दाखवावी, नाकारण्याचें एकच खरें कारण सांगावें, आणि पुढच्या लेखासाठीं एक नेमका प्रश्न विचारावा. निबंधाच्या वहींत लाल शाईचे वीस फराटे पाहून मुलगा वही मिटतो. एकच खूण केली तर तो ती दुरुस्त करून दाखवावयास येतो. प्रौढ माणसें याबाबतींत मुलांहून फारशीं निराळीं नसतात.

आपल्यापैकीं जे अशा एखाद्या मंडळाचे सभासद असतील, त्यांनीं संपादकाच्या पत्राची वाट न पाहतां, गेल्या महिन्यांत कॅमेऱ्यानें आपणांस कोठें अडविलें आणि आपण त्यांतून कसे सुटलों, एवढें एका पानावर लिहून पाठवावें. आणि जे संपादक असतील त्यांनीं येत्या सभेला वही घेऊन जावें. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.