दवाखान्यातच चढणारा रक्तदाब



घरी रक्तदाब ठीक,
आणि डॉक्टरांसमोर बसलं की वाढलेला.
असं पुष्कळांचं होतं.
याला 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' म्हणतात.
तपासणीच्या ताणानं नाडी जलद होते,
दाब चढतो.
यात तुमचा काही दोष नाही.

मग लगेच गोळी सुरू करायची का?
आधी घरचा दाब पाहायचा.

दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या.
मोजण्याआधी अर्धा तास चहा नको,
तंबाखू तर नकोच.
लघवीला जाऊन या.
पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून,
पाच मिनिटं शांत बसा.
हात छातीच्या उंचीवर टेकवा.
मोजताना बोलू नका.
नेमकं तेव्हाच घरचं कुणीतरी काही विचारतं,
त्यांनाही सांगून ठेवा.
सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा,
आठवडाभर मोजा.
वहीत लिहा.

सरासरीत वरचा आकडा 135 च्या आत,
खालचा 85 च्या आत असेल,
तर बहुतेकांना गोळी लागत नाही.
मीठ कमी करा, रोज चाला.
मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल,
तर डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात.

दवाखान्यात चढणारा हा दाब पुढे कायमचाही होऊ शकतो,
म्हणून दरवर्षी तपासणी हवीच.

पुन्हा सांगते,
आधी घरचा दाब पाहायचा.
पण चालू असलेली गोळी
स्वतःहून बंद करू नका.
ती वही डॉक्टरांना दाखवा.