कोयती घरीच बरी!

(मंडळाच्या कॅम्पिंग सहलीआधी केलेल्या भाषणातून)



गेल्या सहलीला मी आजोबांची कोयती नेणार होतो. कमरेच्या आकडीला ती अडकवल्याशिवाय आजोबा कोकणात बागेत पाऊल टाकत नसत. बायको म्हणाली, "अहो, हे जर्मनी आहे. आधी नियम बघा!" बघितले, आणि कोयती भिंतीवरच राहिली.

इथे १२ सेंटीमीटरपेक्षा लांब पात्याची, न मिटणारी सुरी रास्त कारणाशिवाय जवळ बाळगून हिंडता येत नाही. हा नियम २००८चा; दंड १०,००० युरोंपर्यंत! जत्रा-उत्सवांत तर २०२४पासून साध्या चाकूलाही सहसा बंदी आहे. म्हणून सुरी न्यायची ती कुलूपबंद पेटीत.

मग घ्यावी कुठली? माझं ऐकाल तर १० सेंटीमीटरचं पातं पुरे. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग असावं, नाहीतर ढलप्या काढताना मूठ निखळते. कार्बन स्टीलला धार चटकन लागते, पण लिंबू कापून तशीच ठेवलीत तर गंज चढलाच. पुसून तेलाचा हात फिरवा. जाड लाकडाला करवत आणि छोटी कुऱ्हाड. शिवाय जंगलात परवानगीशिवाय शेकोटी पेटवता येत नाही, तेव्हा झाडं तोडायची हौस नकोच.

मुलगा विचारतो, "बाबा, आजोबांची कोयती मला कधी?" म्हटलं, आधी छोट्या सुरीला धार लावायला शीक.

कोयती वर्षातून एकदा खाली उतरते, करंज्यांचे नारळ फोडायला. शुभ दीपावली!