पडद्यामागचा माणूस
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज आम्ही एका इंग्रजी नाटकावर बोलणार आहोत. विहारात नाटक कशाला, असं काहींना वाटेल. पण शेक्सपिअरने १६०० च्या सुमारास लिहिलेलं 'हॅम्लेट' हे सूडाचं नाटक आहे, आणि सूड आपल्या वस्तीला नवीन नाही. १८८३ साली आगरकरांनी ते 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणलं. विकार माणसाला कसे नाचवतात, हे त्या नावातच आलं.

गोष्ट डेन्मार्कची. क्लॉडियसने सख्ख्या भावाला, म्हणजे राजाला, कानात विष ओतून मारलं, गादी घेतली, वहिनीशी लग्न लावलं. राजपुत्र हॅम्लेटला बापाचं भूत सांगतं, सूड घे. तिसऱ्या अंकात क्लॉडियस एकटा प्रार्थना करताना सापडतो. पण प्रार्थनेत मेला तर स्वर्गात जाईल, म्हणून हॅम्लेट तलवार म्यान करतो. ही दया नव्हे. त्याला आणखी मोठा सूड हवा! लगेच तो आईच्या खोलीत जातो. आई घाबरून ओरडते, पडद्यामागूनही कुणी ओरडतं, आणि हा पडदा न सारताच तलवार खुपसतो. वाटलं राजा असेल. निघाला पोलोनियस, ऑफेलियाचा बाप. त्याच ऑफेलियावर याचं प्रेम होतं.

बंधूंनो, नाटक इथेच फिरतं. तोवर हॅम्लेट फिर्यादी होता, आता तो आरोपी झाला. ऑफेलियाला वेड लागतं, ती बुडून मरते. तिचा भाऊ लेअर्टिस बापाच्या सूडासाठी उभा राहतो, आणि खरा गुन्हेगार क्लॉडियस त्यालाच हाताशी धरतो. शेवटी आई, लेअर्टिस, क्लॉडियस, हॅम्लेट, सगळे मरतात. साच्यावर धागा तुटला की साचा थांबवून गाठ मारावी लागते. तसाच रेटला तर दोष कापडभर जातो.

आपल्या विनयपिटकात, महावग्गात, दीघावुकुमाराची गोष्ट आहे. कोसंबीच्या भिक्खूंमध्ये भांडण झालं तेव्हा भगवंतांनी ती सांगितली. काशीच्या ब्रह्मदत्त राजाने दीघावुच्या आईबापांना मारलं. पुढे तोच राजा रानात दीघावुच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. दीघावुने तीनदा तलवार उपसली आणि तीनदा म्यान केली, कारण वैर वाढवू नकोस हा बापाचा अखेरचा उपदेश त्याला आठवला. त्याचं राज्य त्याला रक्त न सांडता परत मिळालं. तलवार हॅम्लेटनेही म्यान केली होती, पण मनातली उघडीच होती.

२० मार्च १९२७ ला महाडला अफवा उठवून आपल्या माणसांवर हल्ला झाला. आपले लोक चवताळले होते, त्यांत पलटणीतले गडीही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं, आणि पुढे हल्लेखोरांना कोर्टात शिक्षा झाली. याला भित्रेपणा कोण म्हणेल?

तरुणांनो, अन्याय झाला तर गप्प बसू नका. फिर्याद द्या, साक्षीला उभे राहा, संघटित व्हा. पण कुणी सांगितलं म्हणून हात उचलू नका. आधी पडदा सारून बघा. आणि मागे खराच गुन्हेगार निघाला, तरी त्याला कोर्टात खेचा. कारण चुकून पोलोनियस मेला, तर ऑफेलिया आपल्याच चाळीतली असते.

नमो बुद्धाय! जयभीम!