जवानाच्या तोंडची हकीकत

लढाई म्हटली की समोरासमोर ठाकलेल्या दोन फौजा आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण काही मोहिमांत शत्रूच्या अंगावर गणवेश नसतो. शिपायाने दिवसा गावाची घडी बसवायची, अन् रात्री त्याच गावात जीव मुठीत धरून गस्त घालायची. श्रीलंकेत गेलेल्या आपल्या शांतिसेनेची मोहीम अशीच होती.

२९ जुलै १९८७ रोजी करार झाला आणि आपली सेना तेथे गेली ती बंडखोरांची शस्त्रे जमा करून घ्यायला. ऑक्टोबरात लिट्टेशीच युद्ध जुंपले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. ११०० हून अधिक जवान कामी आले. मुंबईत जन्मलेले, ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे त्यांतले एक. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री छातीत गोळी लागल्यावरही ते हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

एवढे कागदोपत्री आहे. पण तमिळ येत नसता दारातल्या म्हातारीशी बोलायचे कसे? सायकलवरचा पोरगा शाळेला निघाला आहे की सुरुंग पेरायला, हे ओळखायचे कसे? हे सांगणार तो तेथे उभा राहिलेला माणूसच. त्या वेळचा पंचविशीतला जवान आज साठीपलीकडे गेला आहे.

मात्र एकाच बाजूची हकीकत पुरी पडत नाही. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या. तेथून गोळीबार झाला, असे सेनेचे म्हणणे. जवान आत शिरले तेव्हा प्रतिकार करणारा कोणी नव्हता, असे वाचलेल्यांचे म्हणणे. या दोन्ही जबान्या शेजारीशेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात.

गुरुजींना माझी एक विनंती आहे. आपल्या गावात कोणी पेन्शनर फौजी असतील, तर मुलांना त्यांच्याकडे न्या. ‘शत्रू किती मारले?’ असे विचारू देऊ नका. काय खाल्लेत, कशाची भीती वाटली, तेथल्या लोकांशी कसे बोललात, हे विचारा. पलटण, ठिकाण, साल टिपून घ्या. तारीख चुकली तर मध्येच अडवू नका, ती मागाहून ताडून पाहता येते. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा, आणि नको म्हणतील तेवढे गाळा. ती वही शाळेच्या कपाटात जपून ठेवा. उद्या त्याच गावातला एखादा मुलगा भरतीला निघेल, त्याने ती आधी वाचलेली बरी.