समाजमाध्यमे आणि शेजारधर्म



देवस्थानाच्या उत्सवप्रसंगी समाजमाध्यमांचा विषय काढणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु आज प्रत्येक महाजन कुटुंबात भ्रमणध्वनी पोहोचलेला आहे. पालखीची वेळ, अभिषेकाची पावती, जत्रेची छायाचित्रे त्याच मार्गाने घरोघरी जातात. आणि अन्यधर्मीयांविषयीचा भलाबुरा मजकूरही त्याच मार्गाने येतो. त्या मजकुराने शेजारधर्माचे काय होते, याचा विचार म्हणूनच देवस्थानाच्या मांडवात व्हावयास हवा.

गोमंतकात हिंदू आणि ख्रिस्ती यांचे जे सख्य नांदले, ते तत्त्वचर्चेतून जन्मलेले नाही. आणि इतिहासाच्या विस्मरणातूनही नाही. कुंकळ्ळीचे उदाहरण घ्यावे. सोळाव्या शतकात तेथील देवीला स्थलांतर करून फातर्पे येथे जावे लागले. 1583 साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मिशनरी मारले गेले, आणि पुढे बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविलेल्या गांवकरांचा वध करण्यात आला. एवढा रक्तरंजित इतिहास असूनही श्रीशांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीच्या उत्सवात बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात, आणि पूर्वजांचे धर्मांतर झालेल्या ख्रिस्ती गांवकरांचाही त्या उत्सवात सहभाग असतो. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला शिरगांवच्या श्रीलईराईची बहीण मानणारे भाविक दोन्ही धर्मांत आहेत. धर्म भिन्न झाला, तरी नाते तुटले नाही. कारण माणसे एकमेकांना नावानिशी, घरानिशी ओळखत राहिली.

ओळख हाच या सख्याचा पाया होय. शेजाऱ्याचे गुण ठाऊक असतात तसे दोषही ठाऊक असतात. त्याच्याशी बांधावरून तंटा होतो, आणि तोच रात्रीअपरात्री आजाऱ्याला इस्पितळात घेऊन जातो. अशा माणसाविषयी कोणी काही सांगितले, तर ऐकणाऱ्यापाशी ते ताडून पाहण्याचे साधन असते.

समाजमाध्यमांनी नेमका हा क्रम उलटा केला. पूर्वी शेजाऱ्यावरून त्याच्या धर्माची पारख होत असे. आता दूरच्या कोण्या एका घटनेवरून शेजाऱ्याची पारख होऊ लागली आहे. संदेशाला बहुधा गाव नसते, तिथी नसते, सांगणाऱ्याचे नाव नसते. संताप आणि भय यांनी मन लवकर हलते, म्हणून तशा मजकुरास प्रतिसाद अधिक मिळतो. आणि ज्यास प्रतिसाद अधिक, तेच अधिकांच्या नजरेस आणण्याकडे या माध्यमांच्या यंत्रणेचा कल असतो.

याचे परिणाम देशाने पाहिले आहेत. 2013 साली उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर भागात कवाल गावी झालेल्या हत्यांनंतर एक चित्रफीत त्याच घटनेची म्हणून फिरविण्यात आली. वस्तुतः ती 2010 साली पाकिस्तानातील सियालकोट येथे घडलेल्या प्रसंगाची होती. त्या दंगलीत साठांहून अधिक माणसे प्राणांस मुकली आणि हजारो कुटुंबे घरे सोडून गेली. दंगलीची कारणे अनेक होती. परंतु परक्या देशातील जुन्या चित्राने त्या आगीत तेल ओतले, यात संशय नाही. एप्रिल 2020 मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर असल्याच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. त्या भीषण कृत्याला लागलीच हिंदू-मुसलमान असा रंग चढविला गेला. अखेर अटकेतील आरोपींत एकही मुसलमान नसल्याचे तत्कालीन गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. आवई पुढे गेली, खुलासा मागाहून आला. खुलाशाचे पाय नेहमीच मंद असतात.

तथापि सगळा दोष साधनावर लादणे न्याय्य नव्हे. 2020 साली टाळेबंदीत देवळांचे दरवाजे बंद असताना घरबसल्या दर्शन घडले, ते याच साधनाने. परदेशी गेलेली कुळावी मंडळी कुलदेवतेच्या उत्सवाशी जोडलेली राहिली, तीही याच साधनाने. गणेशचतुर्थीच्या आणि नाताळच्या शुभेच्छा याच मार्गाने एका घरातून दुसऱ्या घरात जातात. व्हॉट्सअॅपने 2018 साली भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल असे बंधन घातले, आणि 2020 साली वारंवार फिरलेल्या संदेशासाठी ही मर्यादा एकावर आणली. परंतु यंत्राने घातलेले बंधन वेग कमी करते. विवेक निर्माण करू शकत नाही.

तो विवेक महाजनांच्या परंपरेतच आहे. महाजनांच्या कातालोगात एखादे नाव चढावयाचे, तर वंश आणि हक्क यांची शहानिशा होते. सभेचा ठराव तारखेनिशी, सह्यांनिशी इतिवृत्तात नोंदला जातो. निनावी चिठ्ठीवरून कोणाची महाजनकी रद्द करावी असे कोणी सुचविले, तर सभा ते क्षणभरही ऐकून घेणार नाही. मग निनावी संदेशावरून एका संपूर्ण समाजाची माणुसकी रद्द कशी करता येईल? जी कसोटी एका नावासाठी लावली जाते, ती लक्षावधी माणसांसाठी का लावू नये?

यास्तव देवस्थानाच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक व्हॉट्सअॅप समूहाने साधा नियम पाळावा. कोठे घडले, केव्हा घडले, कोण सांगतो, या तीन प्रश्नांची उत्तरे नसलेला मजकूर समूहात येऊ नये. आलाच, तर वडीलधाऱ्यांनी मौन धरू नये. कारण वडिलांचे मौन मुलांना संमतीसारखे वाटते. आणि मजकूर आपल्याच गावच्या अन्यधर्मीयांविषयी असेल, तर तो दहा जणांना पाठविण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाला दूरध्वनी करून विचारावे. बातमी खरी निघाली, तर गुन्हेगाराचे नाव घेऊन कायद्याकडे दाद मागावी. त्याच्या धर्मबांधवांकडे नव्हे.

चार शतकांच्या आघातांतून जे सख्य टिकले, ते बोटाच्या एका स्पर्शाने गमावणे हा पूर्वजांचा अपमान ठरेल. देवीच्या छत्रीखाली ज्यांना जागा आहे, त्यांना भक्तांच्या मनातही जागा असावी, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.