संगणकाची पेटी : हस्तव्यवसायाचा एक पाठ

(बोरी अरब येथील केंद्र शिक्षण परिषदेतील भाषण)



खेड्यातील अनेक शाळांच्या कपाटात एखादा जुना संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला आढळतो. त्याचे आतील भाग पुष्कळदा चालू स्थितीत असतात. परंतु बाहेरील पेटीचा पत्रा गंजलेला, दर्शनी प्लास्टिक फुटलेले आणि पंखा धुळीने बसलेला असतो. हात लावला आणि बिघडला तर जबाबदारी कोणाची, ह्या भीतीने तो झाकलेलाच राहतो. मुले त्याकडे देव्हाऱ्यातील मूर्तीप्रमाणे दुरून पाहतात. ह्याच शाळेपासून हाकेच्या अंतरावर सुताराचा रंधा चालत असतो आणि लोहाराचा भाता पेटलेला असतो. त्या घरचे मूल शाळेत येते, मागल्या बाकावर बसते, आणि त्याच्या हातातील कसबाची नोंद प्रगतिपुस्तकात कोठेही होत नाही. झाकलेला संगणक आणि मागल्या बाकावरील ते मूल ह्यांची गाठ घालून देणे, हा ह्या पाठाचा हेतू होय.

संगणकास लाकडाची पेटी ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु तिला चांगला इतिहास आहे. संगणकाचा पहिला माऊस अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट ह्यांच्या कल्पनेतून 1964 साली तयार झाला, तो लाकडाच्या ठोकळ्यात बसविलेला होता. त्याच्या पोटात परस्परांशी काटकोनात फिरणारी दोन चाके होती. 1976 साली अ‍ॅपल कंपनीने आपला पहिला संगणक विकावयास काढला. सुमारे 200 संगणक तयार झाले. किंमत 666 डॉलर 66 सेंट. ह्या किमतीत गिऱ्हाइकास केवळ भाग जोडलेली पट्टी मिळे. पेटी नाही, कळफलक नाही, वीजपुरवठ्याची सोयही नाही. अनेकांनी त्या पट्टीसाठी स्वतः लाकडी पेट्या करून घेतल्या. त्यांपैकी काही आज संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत.

आपल्या प्रदेशाकडे पाहावे तर शेजारच्याच वर्धा शहरी 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या समितीने मूलोद्योगाभोवती शिक्षणाची आखणी केली. ती योजना पुढे पुष्कळ शाळांत मंदावली. टकळी फिरत राहिली, पण सुताबरोबर गणित आणि विज्ञान विणले गेले नाही, हे तिच्या अपयशाचे एक कारण होते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि ग्रामीण मुलांना लाकूड, लोखंड, शेती व वीज ह्यांच्या कामांतून शिकविण्याचा मार्ग दाखवून दिला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, गावातील सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या सहवासात काम शिकावे, असे सुचविलेले आहे. तेव्हा पेटी करणे हा छंद नसून शिक्षणक्रमात बसणारे काम आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

पहिली पायरी मोजमापाची. संगणकाच्या मुख्य पट्टीचा एक प्रचलित आकार 244 मिलिमीटर लांब व तितकाच रुंद असतो. वीजपुरवठ्याचा नेहमीचा डबा 150 मिलिमीटर रुंद, 86 उंच व साधारण 140 खोल असतो. ही मापे पुस्तकातून उतरवून न घेता मुलांनी समोरच्या वस्तूवर पट्टी ठेवून घ्यावीत. काही कंपन्यांचे भाग निराळ्या मापांचे असतात. पट्टी आणि डबा शेजारी ठेवल्यास रुंदी 394 मिलिमीटर होते. तारांना व बोटांना जागा हवी म्हणून आतील रुंदी 420, खोली 300 आणि उंची 140 धरावी. फळी 12 मिलिमीटर जाडीची असेल, तर बाहेरील मापे 444, 324 व 164 होतील. प्रत्येक मापात 24 ची भर का पडली, हे ज्या मुलास सांगता आले, त्यास आतील व बाहेरील घनफळाचा भेद समजला असे मानावे. आतील घनफळ 17,640 घन सेंटिमीटर, म्हणजे साडेसतरा लिटरांहून किंचित अधिक भरते. लाकडास हात लावण्यापूर्वी ह्या मापांची पुठ्ठ्याची पेटी करावी. पुठ्ठ्यावर झालेली चूक दोन रुपयांची असते, सागवानावर झालेली चूक दुरुस्त होत नाही.

दुसरी पायरी लाकडाची. यवतमाळ जिल्हा सागवानासाठी प्रसिद्ध आहे. परंतु ह्या कामासाठी नवे लाकूड विकत घेण्याचे कारण नाही. जुन्या दाराची फळी अथवा मोडक्या पेटाऱ्याचे झाकण पुरे होते, आणि वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने ते नव्या लाकडाहून कमी वाकते. येथे एक सूचना अवश्य ध्यानात ठेवावी. शाळेचा मोडका बाक जडवस्तू संग्रह नोंदवहीत असतो. निर्लेखनाची मंजुरी मिळाल्याविना त्यास करवत लावू नये. संगणक उघडण्यापूर्वीही मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्यावी आणि शाळा व्यवस्थापन समितीस कल्पना द्यावी. चांगल्या कामास नोंदीचा आधार असला म्हणजे शिक्षकाचा हात कचरत नाही.

लाकूड आडव्या अंगाने फुगते व आकसते. रेषेच्या लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. श्रावणात घट्ट बसलेले दार वैशाखात सैल का होते, हे मुलांनी घरी पाहिलेले असते. म्हणून लाकडावर पत्रा बसविताना स्क्रूची भोके आडव्या दिशेने किंचित लांबट ठेवावीत. नाहीतर पत्रा फुगवटा धरील किंवा फळी तडकेल.

तिसरी पायरी धातूची. सगळी पेटी लाकडाची करू नये, ह्यास तीन कारणे आहेत. लाकूड पेट घेते. लाकडातून उष्णता सहज बाहेर जात नाही. आणि लाकडास भू-तार जोडून उपयोग नसतो. म्हणून मुख्य पट्टी व वीजपुरवठ्याचा डबा पत्र्याच्या तळावर आणि पत्र्याच्या पाठीवर बसवावा. लाकूड केवळ बाहेरील अंगास राहील. सर्वांत सोपा उपाय असा की, जुन्या पेटीतील तळ व पाठ सांभाळून कापून घ्यावी. पट्टी टेकविण्याच्या पितळी खुंट्या आणि पाठीमागील खाचा त्यात नेमक्या जागी असतातच. ह्या खुंट्या विसरल्यास पट्टीच्या खालचे डाख पत्र्यास टेकतात आणि संगणक कायमचा निकामी होऊ शकतो. कापलेल्या पत्र्याची कड कानशीने घासून गुळगुळीत करावी. हे काम राहिले तर बोट कापल्यावाचून राहत नाही. ज्या ठिकाणी डबा पत्र्यास जोडला जातो, तेथील रंग व गंज खरवडून धातू धातूस भिडला पाहिजे. शाळेतील तीन पायांच्या विजेच्या खोबणीत भू-तार खरोखर जोडलेली आहे काय, हे जाणत्या वायरमनकडून आधी तपासून घ्यावे.

चौथी पायरी वाऱ्याची, आणि ह्या पाठाचे मर्म येथेच आहे. ह्या भागात मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो. पंखा पेटीतील हवेस खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो केवळ साठलेली उष्णता बाहेर नेतो. एक लिटर हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे 1.2 ज्यूल उष्णता लागते. संगणक 60 वॅट वीज घेत असेल, तर प्रत्येक सेकंदास 60 ज्यूल उष्णता पेटीत निर्माण होते. पंखा सेकंदास 20 लिटर हवा बाहेर काढीत असेल, तर ती हवा अडीच अंशांनी तापून निघेल. भोके लहान ठेवल्याने किंवा जाळी कापसाच्या तंतूंनी बुजल्याने 5 लिटरच हवा वाहू लागली, तर तोच फरक दहा अंशांचा होईल. 42 अंशांच्या खोलीत पेटीतील हवा 52 अंशांवर जाईल. हवा समोरून खालच्या बाजूने आत यावी आणि पाठीमागून वरच्या बाजूने बाहेर जावी. प्रवेशाच्या भोकापाशी उदबत्ती धरली असता धूर कोणत्या वाटेने जातो, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. कापसाच्या हंगामात जाळी दर आठवड्यास झटकावी.

शेवटी सांधे घासून जवसाच्या तेलाचा हात द्यावा आणि पेटी पूर्ण वाळल्यावरच भाग आत बसवावेत. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये; त्यातील तेल वाळताना उष्णता साचून ते आपोआप पेट घेऊ शकते. फडके उघड्यावर पसरून वाळवावे. लाकडाचा भुसा आणि पत्र्याचा कीस संगणकाच्या भागांजवळ येऊ नये, म्हणून कापकामाची जागा निराळी असावी. विजेची जोडणी मुलांनी करावयाची नाही, आणि वीजपुरवठ्याचा डबा तर शिक्षकानेही उघडावयाचा नाही. खोबणीतून काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

अशा कामात एक मोह होतो. प्रदर्शनाची तारीख जवळ आली की शिक्षक सुतारास बोलावून पेटी करवून घेतो, मुले भोवती उभी राहून पाहतात, आणि पेटीवर इयत्तेचे नाव रंगवले जाते. अशी पेटी सुबक होते. पण तिच्यात शिक्षण नसते. सुतारास अवश्य बोलवावे. त्यास खुर्ची द्यावी, गुरुजींप्रमाणे त्याच्या पाठाची वेळ फळ्यावर लिहावी. मात्र रंधा मुलांच्या हाती असावा, मुलींच्या हातीही असावा, आणि सुताराने शेजारी उभे राहून मनगट सरळ करावे. सुताराच्या घरचे मूल त्या दिवशी मागल्या बाकावरून उठून पुढे येईल. काटकोन कसा धरावा, हे ते इतरांस दाखवील, आणि कदाचित प्रथमच वर्ग त्याचे बोलणे शांतपणे ऐकेल. त्याच दिवशी 420 मध्ये 24 मिळवण्याची बेरीज त्यास आपलीशी वाटली, तर गणिताच्या तासाचीही भीती कमी होईल.

मूल्यमापन करताना पेटीच्या झिलईस गुण देऊ नयेत. मुलाच्या वहीत चार गोष्टी पाहाव्यात : घेतलेली मापे, झालेली चूक, तिचे कारण आणि केलेली दुरुस्ती. सांधा एक मिलिमीटर उघडा राहिला आणि तो का राहिला हे मुलाने प्रामाणिकपणे लिहिले, तर तो पाठ यशस्वी झाला असे समजण्यास हरकत नाही.

केंद्रातील शाळांनी एकदम सागवानापर्यंत जाण्याची घाई करू नये. पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने मुलांनी स्वतः मापून केलेली पुठ्ठ्याची एक पेटी आणावी आणि सोबत गावातील एका सुतारास वा लोहारास आणावे. पेट्या टेबलावर मांडल्या जातील. कोणत्या पेटीत पट्टी बसते आणि कोणत्या पेटीत बसत नाही, हे त्या कारागिरानेच सर्वांसमक्ष तपासून सांगावे.